मुलं मोठी झाली, आता मुंबई कशी दाखवायची?

काल्हेरमध्ये घर घेतलं की गावाकडच्यांच्या लेखी तुम्ही मुंबईकर झालात. तालुका भिवंडी, मध्ये खाडी, पलीकडे ठाणे, हे त्यांच्या गावीही नसतं. दिवाळीच्या नाहीतर मे महिन्याच्या सुट्टीत भाचे-पुतणे येऊन टेकतात आणि पहिल्याच सकाळी चहाबरोबर विचारणा होते, "काका, मुंबईला कधी जायचं?" काल्हेरच्या रस्त्यावरून गेटवेला पोचायला दोन-अडीच तास सहज जातात, हे त्यांना सांगून पटत नाही.

त्यात ही पोरं आता तेरा ते अठराच्या मधली. बोट धरून राणीच्या बागेत नेलं, फुगा घेऊन दिला आणि काम झालं, असे दिवस संपले. ती उशिरा उठतात, दर दोन तासांनी त्यांना भूक लागते, 'बघ किती सुंदर आहे' म्हटलं की मोबाइलमध्ये डोकं घालतात. पण एखादी गोष्ट खरोखर पटली तर तिच्यासमोर अर्धा तास उभीही राहतात. त्यांच्यासाठी दोन दिवसांची मुंबई कशी आखावी, त्याची ही माहिती. आखणीचं सूत्र एकच: एका दिवशी मुंबईचा एकच भाग. सकाळी सिद्धिविनायक, दुपारी हाजीअली, संध्याकाळी जुहू आणि जमलं तर गेटवे, हा बेत वडीलधारी मंडळी हौसेने करतात आणि त्यात मुलांना दिसतो तो फक्त टॅक्सीच्या खिडकीतून ट्रॅफिक.

आधी वार ठरवा

ठिकाणांची यादी करण्याआधी कॅलेंडर काढा. घारापुरीची लेणी सोमवारी बंद. वरळीचं नेहरू तारांगण आणि फोर्टमधलं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, म्हणजे एनजीएमए, हेही सोमवारी बंद. भायखळ्याची राणीची बाग आणि तिच्याच आवारातलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय मात्र सोमवारीही उघडं असतं.

रविवार मोकळा म्हणून सगळे तोच धरतात. पण रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक. साधारण सकाळी अकरा ते दुपारी चार या वेळात जलद गाड्या धीम्या मार्गावर वळवतात, काही रद्द होतात, उरलेल्या उशिराने धावतात. ब्लॉक कुठे आहे ते एक-दोन दिवस आधी जाहीर होतं. ते न पाहता निघालात तर ठाण्याच्या फलाटावरच मुलांचा उत्साह मावळतो. सुट्टीचे दिवस असतील तर मंगळवार, गुरुवार, शुक्रवार सर्वांत बरे. शाळा-कॉलेज चालू असेल तर शनिवार.

काल्हेर ते ठाणे स्टेशन

सगळ्या प्रवासातला बेभरवशाचा टप्पा हाच. ठाणे ते सीएसएमटी हे अंतर सुमारे ३४ किलोमीटर आणि जलद लोकल ते पाऊण तास ते पन्नास मिनिटांत कापते. काल्हेर ते ठाणे स्टेशन त्याच्या एक तृतीयांशही नाही, पण त्याला कधी पस्तीस मिनिटं लागतात तर कधी सव्वा तास. इथल्या गोदामांचे कंटेनर आणि ट्रेलर, कशेळीचा पूल, बाळकुम नाका, कापूरबावडी: यातलं एक जरी तुंबलं तरी मागची रांग काल्हेरपर्यंत येते. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो ५ ला कशेळी आणि काल्हेर अशी दोन्ही स्टेशनं आहेत. ती धावायला लागली की हा परिच्छेद खुशाल खोडून टाका. तोवर हिशेब रस्त्याचाच.

म्हणून वेळ ठरवताना लोकलची नाही, घर सोडायची वेळ ठरवा. आठवड्याच्या मधल्या वारी जात असाल तर दोनच पर्याय: सकाळी सहाला घर सोडा, नाहीतर सरळ दहानंतर निघा. आठ ते साडेदहा या वेळात ठाण्याहून मुंबईकडे जाणाऱ्या जलद लोकलमध्ये गावाकडून आलेल्या पोरांना चढवणं म्हणजे सहलीची सुरुवातच भांडणाने. मुलं सहाला उठणार नाहीत असं गृहीत धरू नका. त्यांना विचारा. 'लवकर निघालो तर दुपारी तासभर तुम्हाला मोकळं सोडेन' असं म्हटलं की उठतात.

गाडी घेऊन जायचा मोह होतोच, विशेषतः १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाल्यापासून. रविवारी सकाळी सातच्या आत निघून पूर्व द्रुतगती मार्ग आणि पुढे ईस्टर्न फ्रीवे धरला तर फोर्टपर्यंत गाडी छान जाते. अडचण पार्किंगची आणि परतीची. शिवाय लोकल हाच गावाकडच्या मुलांसाठी मुंबईचा अर्धा अनुभव. तो वगळून मुंबई दाखवण्यात काय हशील?

लोकल: पोरांच्या हाती द्या

तिकीट काढणं, इंडिकेटर वाचणं, फलाट शोधणं ही कामं मुलांकडे सोपवा. बारा वर्षांपुढे पूर्ण तिकीट लागतं. ठाणे ते सीएसएमटी दुसऱ्या वर्गाचं तिकीट १५ रुपये आहे, त्यामुळे पाचजणांचा जाऊन-येऊन खर्च दीडशेत बसतो.

इंडिकेटरवरची अक्षरं त्यांना कोड्यासारखी आवडतात. मध्य रेल्वेवर टी म्हणजे ठाणे, के म्हणजे कल्याण, डीएल म्हणजे डोंबिवली, ए म्हणजे अंबरनाथ, बीएल म्हणजे बदलापूर आणि टीएल म्हणजे टिटवाळा. गंमत पुढे आहे: एन म्हणजे कसारा आणि एस म्हणजे कर्जत. पुढे एफ असेल तर जलद, एस असेल तर धीमी. परतीला गाडी कोणती धरायची ते त्यांनाच ओळखायला लावा.

एक नियम मात्र आधीच सांगून ठेवा. महिलांच्या डब्यात आईबरोबर मुलगा चालतो तो बारा वर्षांखालचा. चौदा वर्षांच्या मुलाला घेऊन आई त्या डब्यात चढू शकत नाही. म्हणजे एकतर सगळे साध्या डब्यात, नाहीतर दोन तुकड्या. तुकड्या होणार असतील तर कोण कोणाबरोबर आणि उतरल्यावर कुठे भेटायचं हे फलाटावर गाडी शिरायच्या आत ठरलेलं हवं. चुकामूक झाली तर काय, हेही. सोपा नियम असा: खाली राहिला त्याने पुढची गाडी पकडून ठरलेल्या स्टेशनावरच उतरायचं, मध्ये कुठे नाही, आणि गाडीत असलेल्यांनी तिथेच इंडिकेटरखाली थांबायचं. 'मी दादरला उतरून परत येतो' असं कोणी केलं की सगळेच एकमेकांना शोधत बसतात. रेल्वेची मदतवाहिनी १३९ आणि लोहमार्ग पोलिसांची १५१२ हे दोन नंबर प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये टाकून द्या.

आणि दारात लटकायचं नाही. हे सांगायला संकोचू नका. रीलच्या नादात याच वयाची मुलं दारात उभी राहतात.

पहिला दिवस: सीएसएमटी ते गेटवे, पायी

हा टप्पा सरळ चाललात तर तीन किलोमीटरच्या आतबाहेर. पण सरळ चालायचंच नाही.

लोकलमधून उतरताच पहिली गोष्ट हातात असते. ज्या मार्गावरून मुलं आत्ता आली, त्याच मार्गावर १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी बोरीबंदरहून ठाण्याकडे देशातली पहिली प्रवासी गाडी निघाली: चौदा डबे, सुमारे चारशे पाहुणे आणि साहिब, सिंध, सुलतान नावाची तीन इंजिनं. आजची इमारत त्या नंतरची. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सच्या आराखड्यावरून १८७८ मध्ये काम सुरू झालं आणि दहा वर्षं चाललं. २००४ मध्ये ती युनेस्कोच्या जागतिक वारशात आली. हे आकडे मुलांना सांगा किंवा सांगू नका, पण बाहेर पडून समोर महापालिकेच्या बाजूला उभं राहून त्यांना प्राणी शोधायला लावा. फाटकाच्या एका खांबावर सिंह आहे, तो ब्रिटनचा. दुसऱ्यावर वाघ, तो हिंदुस्थानचा. भिंतींवर माकडं, मोर, पानंफुलं. या कोरीव कामात जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता, म्हणजे या पोरांपेक्षा फार मोठ्या नसलेल्या मुलांचा. मोबाइलचा कॅमेरा झूम करून शोधू द्या. इथे मोबाइल कामाचा आहे, ओरडू नका.

पुढे दादाभाई नौरोजी मार्गाच्या कमानींखालून हुतात्मा चौक. फ्लोरा फाउंटन १८६४ चं. शेजारचं स्मारक संयुक्त महाराष्ट्रासाठी गेलेल्यांचं. मराठी घरातल्या मुलांना हे पुस्तकातून माहीत असतं, पण फोर्टच्या या गर्दीतच गोळीबार झाला होता हे जागेवर उभं राहिल्यावर कळतं. इथे भाषण नको, पाच मिनिटं पुरे. जवळच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांचे ढीग असतात. वाचणारं एखादं पोर बरोबर असेल तर त्याला तिथून उठवणं अवघड.

मग काळा घोडा. माझ्या मते सगळ्या दिवसातला सर्वांत भरलेला अर्धा किलोमीटर हाच. चौकातला आत्ताचा घोडा २०१७ मध्ये बसवलेला आहे आणि त्यावर स्वार नाही. मूळ पुतळा घोड्यावर बसलेल्या सातव्या एडवर्डचा होता. तो १९६५ मध्ये इथून हलवला, पण जागेचं नाव मात्र घोड्याचंच राहिलं. राजा कुठे गेला, हा प्रश्न मुलांकडे सोडून द्या. त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशीच्या एका पर्यायात आहे. समोरच एस्प्लनेड मॅन्शन नावाची लोखंडी सांगाड्याची मोडकळीला आलेली इमारत दिसते. हे एके काळचं वॉटसन हॉटेल. ल्युमिएर बंधूंचे चित्रपट भारतात पहिल्यांदा दाखवले गेले ते इथे, ७ जुलै १८९६ रोजी. दिवसाला शंभर रील बघणाऱ्या मुलांना ही पडकी इमारत दाखवा. ताजपेक्षा तिचे फोटो जास्त निघाले तर नवल वाटायला नको.

वस्तुसंग्रहालयासाठी दोन तास ठेवा, जास्त नाही. जॉर्ज विटेटची ही इमारत १९१४ मध्ये बांधून झाली, पण पहिल्या महायुद्धात तिथे लष्करी रुग्णालय होतं, म्हणून लोकांसाठी दारं उघडली ती १९२२ च्या जानेवारीत. घुमट विजापूरच्या गोलघुमटावरून सुचलेला. सगळी दालनं बघायची नाहीत. प्रत्येकाने एकच दालन निवडायचं आणि इतरांना त्यातली एक वस्तू नेऊन दाखवायची, अशी अट घाला. शस्त्रांच्या दालनात अकबराचं चिलखत आणि ढाल आहे, तिथे गर्दी होतेच. शाळा-कॉलेजचं ओळखपत्र बरोबर असू द्या, सवलतीला उपयोगी पडतं.

गेटवे शेवटी. तोही विटेटचाच. पंचम जॉर्जच्या १९११ च्या भेटीचं हे स्मारक पूर्ण झालं १९२४ मध्ये, म्हणजे राजाने ते बांधलेलं पाहिलंच नाही; त्याच्या स्वागताला पुठ्ठ्याची कमान होती. आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी याच कमानीतून परत गेली. मुलांना हा किस्सा लगेच भावतो.

वेळ आणि पाय शिल्लक असतील तर वाटेत ओव्हल मैदानाला वळसा घाला. एका बाजूला उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर अशा दगडी गॉथिक इमारती, दुसऱ्या बाजूला गोलसर गच्च्यांच्या आर्ट डेको इमारती, मध्ये क्रिकेट. या साऱ्याला २०१८ मध्ये युनेस्कोचा दर्जा मिळाला. क्रिकेट खेळणारा मुलगा असेल तर तो मैदानाकडेच बघणार. बघू द्या.

मोकळा तास

कुलाबा कॉजवे किंवा आझाद मैदानाजवळचं फॅशन स्ट्रीट, दोन्हीपैकी एक त्यांना हवंच असतं. तिथे मोठ्यांनी मागे-मागे फिरू नये. तास ठरवा, प्रत्येकाच्या हातात ठरावीक पैसे द्या, दोघं-दोघं मिळून राहायचं एवढं बजावा आणि भेटायची जागा अशी सांगा की कुणालाही विचारता येईल: रीगल सिनेमाच्या दारात, किंवा मेट्रोचं अमुक गेट. भाव करायला शिकवून पाठवा. सांगितलेल्या किमतीच्या निम्म्यावरून सुरुवात, आणि पाठ फिरवून चालायला लागायची तयारी. फसले तर शंभर-दोनशे रुपयांना फसतील.

दुसरा दिवस: घारापुरी, भायखळा की वरळी?

इथे तीन वाटा आहेत. मतदान घ्या आणि निकाल मान्य करा.

घारापुरीला अख्खा दिवस लागतो. गेटवेहून बोटीने सुमारे तासभर, धक्क्यावर उतरल्यावर हवी तर छोटी गाडी, मग दुकानांच्या मधून सव्वाशेच्या आसपास पायऱ्या. भारतीय पुरातत्त्व खात्याचं प्रवेश तिकीट ४० रुपये, पंधरा वर्षांखालच्यांना माफ. त्यासाठी वयाचा पुरावा जवळ ठेवा. मुख्य लेण्यातली तीन मुखांची भव्य शिवमूर्ती आत शिरल्याशिरल्या समोर येते. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला दोन मिनिटं थांबा, मग चेहऱ्यांतला फरक दिसतो: एक उग्र, एक शांत, एक स्त्रीसारखा कोमल. लेण्यांपलीकडे बेटावर माणसं राहतात, राजबंदर, शेतबंदर आणि मोरबंदर अशा तीन वस्त्या आहेत. त्यांना कायमची वीज मिळाली ती २०१८ मध्ये, समुद्राखालून केबल टाकून. मुंबईचे दिवे समोर दिसत असताना! हे ऐकून दहावीची मुलं गप्प होतात. बोटीत लाइफ जॅकेट घालाच. १८ डिसेंबर २०२४ ला नौदलाची स्पीडबोट प्रवासी बोटीवर आदळून जीव गेले, त्यामुळे 'कशाला घालायचं' हे ऐकून घेऊ नका. माकडं हातातली बाटली नि वेफर्सचं पाकीट ओढून नेतात. पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटी बंद, तेव्हा जून ते सप्टेंबर हा पर्याय गृहीतच धरू नका.

भायखळा काल्हेरकरांना सोयीचं. ठाण्याहून थेट लोकल, उतरून चालत राणीची बाग. पेंग्विनसमोर मोठी मुलं 'हे लहानांचं आहे' असा चेहरा करतात आणि मग काचेला नाक लावून उभी राहतात. पण खरी मौज संग्रहालयाच्या बाहेर आहे. काळ्या घोड्याचा हरवलेला स्वार, एडवर्ड राजा, घोड्यासकट इथे उभा आहे. आणि तिथेच एक भला मोठा दगडी हत्ती. हा मूळचा घारापुरीचा. पोर्तुगिजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं ते याच्यावरून. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला न्यायचा प्रयत्न झाला, उचलताना तो फुटला, तुकडे मुंबईतच राहिले आणि १९१४ मध्ये जोडून परत उभे केले. जवळ जाऊन पाहिलं की सांधे दिसतात. घारापुरीला गेलेल्यांना तिथे हत्ती सापडत नाही, तो इथे सापडतो.

वरळीचा पर्याय विज्ञानाची आवड असलेल्यांना. नेहरू विज्ञान केंद्र १९८५ चं, तारांगण १९७७ चं. सीएसएमटीहून भुयारी मेट्रो ३ ने विज्ञान केंद्राच्या स्टेशनावर उतरता येतं. ही मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण झाली, सत्तावीस स्टेशनं, सगळी शहराच्या पोटात आरे सोडून. लोकल आणि मेट्रो एकाच दिवशी बघितल्याने मुलांच्या डोक्यात मुंबईचा नकाशा नीट बसतो. पाऊस असेल तर हाच दिवस घ्या.

खाणं

जेवणासाठी हॉटेल शोधत फिरू नका. सकाळी घरून पोळीभाजी किंवा थालीपीठ खाऊन निघा, दुपारी एकदाच नीट जेवा आणि मध्ये किरकोळ. सीएसएमटीच्या समोर वडापाव आणि पावभाजी मिळते, फोर्टात थाळीवाले आहेत, धोबीतलावजवळचं १९०४ चं कयानी इराणी कॅफेचा नमुना म्हणून दाखवण्यासारखं. ब्रुन मस्का चहात बुडवून खायचा हे सांगावं लागतं. मुलांना साखळी दुकानातला बर्गर हवा असेल तर एकदा खाऊ द्या. त्यावरून वाद घालण्यात दुपार जाते. पाण्याच्या बाटल्या प्रत्येकाच्या स्वतःच्या. आणि एक पॉवर बँक, कारण संध्याकाळी पाचला सगळ्यांचे मोबाइल एकदम मान टाकतात.

परतीची गाडी

पाच ते साडेआठ कल्याणकडे जाणाऱ्या गाड्यांना तोबा गर्दी. त्या वेळात भायखळ्याला किंवा दादरला चढायचा प्रयत्न करू नका. मागे जावं लागलं तरी सीएसएमटीला जा, तिथून गाडी सुटते, जागा मिळते. इंडिकेटरवर टी बघा. कर्जत-कसारा जलद रिकामी दिसली तरी ठाण्यासाठी तिच्यात चढू नये. लांबच्या लोकांची ती गाडी. ठाण्याला उतरायला निघालात की आधी टोमणे आणि मग दारात कोंडी. धीमी ठाणे लोकल पंधरा मिनिटं जास्त घेईल, पण बसून याल आणि पोरं झोपतील. नाहीतर सरळ मरीन ड्राइव्हवर नऊपर्यंत बसा आणि मग निघा.

ठाण्याला पश्चिमेला बाहेर पडा. भिवंडीकडच्या बस आणि शेअर रिक्षा रात्री विरळ होतात, त्यामुळे दहाच्या आत ठाण्यात असलेलं बरं. उशीर झाला तर काल्हेरपर्यंत वेगळी रिक्षा करावी लागते आणि भाडं आधी ठरवून घ्यावं लागतं. मुंबईत नातेवाईक असतील, गिरगावात, लालबागला, नायगावला, तर दोन दिवसांच्या मधली रात्र तिकडे काढा, चार-पाच तासांचा प्रवास वाचतो. नसतील तर दोन दिवस लागोपाठ लावू नका. मध्ये एक दिवस जाऊ द्या, मुलांना अकरापर्यंत झोपू द्या, आणि दुसऱ्या दिवसाचं मतदान त्या दुपारी घ्या.